पाणी तिसऱ्या दिवशी, आणि नाट्यगृह 18 कोटींचं?

या महिन्यात आलेल्या पत्रांतली बरीच पत्रं एकाच वादाची आहेत : सरकारने रस्ते, पाणी, दवाखाने बघावेत की नाटक, शिल्प, बागा यांवरही पैसा घालावा? त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं देणाऱ्यांपैकी काही जण पालिकेच्या हिशेबात मुरलेले आहेत, काही रंगमंचाच्या मागच्या बाजूला.

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेने 600 आसनांच्या नाट्यगृहासाठी 18 कोटींचा प्रस्ताव मंजूर केला. गावात नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येतं. हा पैसा पाण्याला द्या, असा आमचा आग्रह आहे. तो चुकीचा आहे का? (सोलापूर जिल्हा)

आग्रह चुकीचा नाही, पण तो कदाचित चुकीच्या टेबलावर जातोय. आधी बघा, हे 18 कोटी येणार कुठून? राज्य सरकारच्या विशेष अनुदानातून येणार असतील, तर ते त्या कामापुरतेच असतात. नगरपरिषदेने नको म्हटलं तर ते तुमच्या जलवाहिनीकडे वळत नाहीत, शेजारच्या तालुक्याला जातात. उलट पाण्याचा पैसा वेगळ्या वाटेने येतो. 2021 ते 2026 या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने छोट्या शहरांना दिलेल्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून ठेवलेला होता. केंद्राची अमृत 2.0 ही योजना तर मुख्यतः पाणी आणि सांडपाण्यासाठीच आहे. त्यातला रुपया नाट्यगृहाच्या पडद्याला लावता येत नाही.

मात्र हे 18 कोटी नगरपरिषदेच्या स्वनिधीतून किंवा कर्जातून येणार असतील, तर तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 49 मध्ये पाणीपुरवठा हे आवश्यक कर्तव्य आहे. बागा, वाचनालयं, सभागृहं ऐच्छिक कामांत येतात. आवश्यक काम अर्धवट टाकून स्वनिधी ऐच्छिक कामावर उधळला जात असेल, तर सभेत नेमक्या याच कलमावर बोट ठेवा.

आता खरा प्रश्न, जो सहसा कुणी विचारत नाही : नाट्यगृह बांधल्यावर ते दर वर्षी चालवणार कोण? ढोबळ हिशेब असा. व्यवस्थापक, वीजतंत्री, ध्वनी-प्रकाश सांभाळणारे, सफाई आणि पहारा मिळून 13 माणसं, सरासरी 18 हजार पगार धरला तर वर्षाला 28 लाख. वर्षाला 150 कार्यक्रम, प्रत्येकी 400 युनिट, युनिटला 14 रुपये, म्हणजे 8 लाख 40 हजार. त्यावर वीजजोडणीचा स्थिर आकार, म्हणजे एकूण 14-15 लाख. देखभालीला इमारतीच्या किमतीच्या 1 टक्का आणि यंत्रसामग्रीच्या 3 टक्के धरा : 12 कोटींच्या इमारतीचे 12 लाख, 6 कोटींच्या एसी-प्रकाश-ध्वनी-खुर्च्यांचे 18 लाख. झाले साधारण 73 लाख. भाडं सरासरी 8 हजार धरलं तर 150 कार्यक्रमांचे 12 लाख येतात. म्हणजे वर्षाला 60 लाखांची तूट, आणि ती भरायला कुठलंही विशेष अनुदान येत नाही. ती भरली नाही की पाचव्या वर्षी एसी बंद, सातव्या वर्षी खुर्च्या फाटलेल्या, आणि दहाव्या वर्षी इमारत लग्नाच्या पंगतींना भाड्याने. महाराष्ट्रातल्या अनेक पालिकांच्या नाट्यगृहांची हीच कुंडली आहे.

म्हणून आमचं मत : कलेवर सरकारने खर्च करावा, पण तो विटांवर कमी आणि चालवण्यावर जास्त. 60 लाखांची तरतूद दर वर्षी करायची तयारी नसेल तर नाट्यगृह बांधू नये. तेवढ्या पैशात जुन्या सभागृहाचा रंगमंच दुरुस्त होतो, बागेतला खुला रंगमंच उभा राहतो आणि वर्षभर कार्यक्रमही होतात.

पाणी की नाटक, अशी निवड करायलाच हवी, असं मात्र समजू नका. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी राधानगरी धरणाचं काम हाती घेतलं, त्याच सुमारास 1912 मध्ये खासबाग मैदान आणि 1915 मध्ये पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, उभं केलं. पुण्यात 12 जुलै 1961 ला पानशेत फुटून अर्धं शहर वाहून गेलं. बालगंधर्व रंगमंदिराचं भूमिपूजन 8 ऑक्टोबर 1962 ला झालं, आणि तेही खुद्द बालगंधर्वांच्या हातून. शहर सावरत असताना नाट्यगृह उभं राहिलं आणि 1968 मध्ये खुलं झालं.

कागद हवे असतील तर नगरपरिषदेकडे माहिती अधिकारात अर्ज करा. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. मागायच्या गोष्टी तीन : प्रस्तावाची प्रशासकीय मान्यता, निधीचा स्रोत आणि बांधकामानंतरच्या वार्षिक खर्चाचा अंदाज. तिसरा कागद बहुधा नसतोच, आणि "उपलब्ध नाही" असं लेखी उत्तर आलं तर तोच तुमचा सर्वांत चांगला पुरावा.

प्रश्न : आमच्या शहरात नाट्यगृहाचा निर्णय झालाच आहे. निविदेआधी मी नगरसेविका म्हणून काय काय तपासू? (मराठवाडा)

आधी रंगमंच, मग खुर्च्या. वास्तुविशारद आसनांची संख्या दाखवायला उत्सुक असतो, आणि जागा कमी पडली की विंग, म्हणजे रंगमंचाच्या बाजूची पडद्याआडची जागा, कापली जाते. रंगमंचाचं तोंड 10-11 मीटर, खोली निदान 9 मीटर आणि दोन्ही बाजूंना किमान 4 मीटरची विंग हवी. अनेक ठिकाणी विंग पाच फुटांची असते. मग दुसऱ्या अंकाचं नेपथ्य ठेवायचं कुठे? दिव्यांचे बार खाली-वर होणारे हवेत. नाहीतर प्रत्येक प्रयोगाआधी शिडी लावून, जीव मुठीत धरून दिवे फिरवावे लागतात.

जमीन लाकडी फळ्यांचीच असावी. ग्रॅनाइट किंवा फरशी ही नव्या नाट्यगृहांतली हमखास चूक. उद्घाटनाच्या फोटोत ती चकचकीत दिसते, पण नेपथ्याला खिळा ठोकता येत नाही, पावलांचा आवाज घुमतो, आणि लावणी किंवा कथक करणाऱ्यांचे गुडघे दोन तासांत बोलायला लागतात. नेपथ्याचा टेम्पो थेट मागच्या दारापर्यंत यावा. दार अडीच मीटर रुंद, तीन मीटर उंच, आणि मध्ये जिना नको.

शेवटची रांग रंगमंचापासून 20-22 मीटरच्या आत. त्यापलीकडे नटाचा चेहरा वाचता येत नाही. शब्दप्रधान नाटकाला सभागृहातला निनाद, म्हणजे आवाज थांबल्यावर तो घुमत राहण्याचा काळ, सुमारे एका सेकंदाचा लागतो; गाण्याला दीड सेकंद बरा. मागची भिंत आवाज शोषणारी हवी. पीओपीचं सपाट छत आणि गुळगुळीत भिंती केल्या की वाक्याचा शेवट प्रेक्षकापर्यंत दोनदा पोचतो. तपासायची सोपी रीत : रिकाम्या सभागृहात रंगमंचावर एकदाच जोरात टाळी वाजवा. ती कडकड करत भिंतींवर आपटताना ऐकू आली, तर काम बिघडलेलं आहे.

एसी किती टनांचा लागेल, ते आसनसंख्येवर ठरतं. तो तीन भागांत घ्या, म्हणजे तालमीला एकच भाग चालवता येईल. दिव्यांच्या डिमरची वायर आणि माईकची वायर एकाच नळीतून नेऊ नका, अर्थिंगही वेगळं ठेवा. नाहीतर दिवा मंद केला की स्पीकर गुणगुणतो, आणि दोष बिचाऱ्या ध्वनीवाल्याला.

मेकअपरूम रंगमंचाच्या पातळीवर, आणि बायकांसाठी स्वतंत्र, पाणी असलेलं स्वच्छतागृह. दौऱ्यावर येणाऱ्या कलाकारांची पहिली तक्रार कायम हीच असते. चाकाच्या खुर्चीसाठी उतार 1:12 आणि आत बसायला खरोखरची जागा, दाराजवळचा कोपरा नव्हे.

आगीचं काय? पडदे आगरोधक द्रावणात बुडवलेले हवेत, आणि धुतल्यावर पुन्हा बुडवावे लागतात, हे कुणी कंत्राटात लिहीत नाही. राज्याच्या 2006 च्या अग्निप्रतिबंध कायद्यानुसार दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते कोण आणि कुठल्या खर्चातून देणार, हे आजच ठरवा. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शंभर वर्षांहून जुनी वास्तू काही तासांत जाते.

निविदेत पहिल्या तीन वर्षांची देखभाल घाला आणि ठेकेदाराच्या बिलातला काही भाग तोवर अडकवून ठेवा. शनिवार-रविवारच्या किती तारखा नाटकाला, किती शाळांच्या स्नेहसंमेलनांना, हे नियमावलीत लिहा. आणि राजकीय सभांना पूर्ण दर. सवलत तिथूनच सुरू होते.

प्रश्न : कलेवर सरकार खरंच एवढा खर्च करतं का, की नुसती ओरड? (नागपूर)

केंद्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात एकूण खर्च सुमारे 50 लाख 65 हजार कोटी, आणि संस्कृती मंत्रालयाला सुमारे 3,361 कोटी. म्हणजे 100 रुपयांतले साडेसहा पैसे. त्यातलाही एक तृतीयांशाहून जास्त भाग पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, म्हणजे किल्ले-लेण्यांच्या राखणीकडे जातो. संपूर्ण मंत्रालय बंद केलं तरी देशाची पाणीटंचाई मिटणार नाही. या साडेसहा पैशांचा उपयोग नीट होतो का, ही चर्चा जास्त कामाची. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत रंगभूमी, ग्रंथालयं, संग्रहालयं हे विषय राज्यांकडे आहेत, तेव्हा तो प्रश्न मुंबईला जास्त विचारायला हवा.

प्रश्न : चांगलं नाटक हाऊसफुल्ल जातंच. वाईट नाटक माझ्या करावर का जगवायचं? (ठाणे)

हाऊसफुल्ल जाणाऱ्या नाटकाचंही गणित बघा. 700 खुर्च्या, सरासरी 300 रुपये तिकीट, म्हणजे 2 लाख 10 हजार. त्यातून नाट्यगृहाचं भाडं, जाहिरात, कलाकारांची नाईट (एका प्रयोगाचं मानधन), मागच्या मंडळींचे पैसे, बस, नेपथ्याचा टेम्पो, तिकीटविक्रीचं कमिशन आणि निर्मितीचा सुरुवातीचा खर्च. दादरच्या शिवाजी मंदिरला किंवा ठाण्याच्या गडकरी रंगायतनला हे बसतं. त्याच नाटकाला परभणीला न्यायचं तर प्रवास आणि मुक्काम वाढतो, आणि तिकीट मात्र कमी ठेवावं लागतं.

याच्या मुळाशी एक अर्थशास्त्रीय कारण आहे, जे विल्यम बॉमल आणि विल्यम बोवेन यांनी 1966 मध्ये मांडलं. कारखान्यात यंत्र आलं की तेवढ्याच माणसांत दहापट माल निघतो आणि मजुरी वाढली तरी परवडते. संगीत नाटकात मात्र शंभर वर्षांपूर्वी ऑर्गनवर एक माणूस आणि तबल्यावर एक माणूस लागायचा, आजही तेवढेच लागतात. नाट्यपद अर्ध्या वेळात गाऊन "उत्पादकता" वाढत नाही. बाकीच्या जगातले पगार वाढतात, त्या प्रमाणात या दोघांचे वाढवावे लागतात, आणि तिकीट त्या वेगाने वाढवता येत नाही. ही तूट नाटक वाईट असल्यामुळे येत नाही, आणि ती तिकिटाने भरूनही निघत नाही.

तुम्ही म्हणता तशी वाईट नाटकं जगवू नयेत, हे आम्हालाही मान्य. पैसे तयार नाटकाला देण्यापेक्षा नाटक तयार होण्याच्या जागांना द्यावेत. राज्य नाट्य स्पर्धा 1954 पासून चालू आहे. तिच्यात दर वर्षी पडेल नाटकंही होतात, आणि व्हायलाच हवीत. नट, लेखक, प्रकाशयोजनाकार तिथे कच्चे असताना चुका करून घेतात. व्यावसायिक निर्माता तो खर्च कधीच करणार नाही, पण पुढे त्याच माणसांवर धंदा करतो.

आणखी एक. 500 रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यावर गेलं की 18 टक्के. लोककला आणि शास्त्रीय कला सादर करणाऱ्यांचं मानधन एका कार्यक्रमाला दीड लाखापर्यंत असेल तर तेही करमुक्त. ही अप्रत्यक्ष मदत आहे, आणि समिती, शिफारस, फेऱ्या यांशिवाय मिळते, म्हणून आम्हाला ती जास्त आवडते.

प्रश्न : चौक सुशोभीकरणावर आमच्या पालिकेने भरपूर पैसा घातला. फायबरचे हत्ती, रंगीत दिवे, कारंजी. हाही कलेवरचा खर्चच ना? (पिंपरी-चिंचवड)

कागदावर असेल. पण कॅटलॉगमधून निवडलेला फायबरचा हत्ती ही खरेदी आहे. त्यात शिल्पकार कुठेच नसतो. फायबर उन्हात दोन-तीन वर्षांत फिकट होतं, तडे जातात, आणि कारंज्याचा पंप त्याआधीच बंद पडतो कारण जाळी साफ करायला माणूस नेमलेला नसतो.

फ्रान्सने 1951 पासून शाळा-महाविद्यालयांच्या बांधकामखर्चातला 1 टक्का कलाकृतीसाठी राखायची पद्धत सुरू केली. अमेरिकेत फिलाडेल्फियाने 1959 मध्ये तसा नियम केला. या पद्धतीचा फायदा रकमेत नाही, वेळेत आहे. कलाकार आराखड्याच्या वेळीच येतो, म्हणून भिंत, पाया, प्रकाश त्याच्या कामाला धरून ठरतात. आपल्याकडे चौक तयार झाल्यावर "मध्ये काहीतरी बसवा" असा आदेश निघतो.

आणि शिल्प हे अभियांत्रिकीचंही काम आहे, हे मालवणने शिकवलं. राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा सुमारे 35 फुटी पुतळा 4 डिसेंबर 2023 ला उभा राहिला आणि 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला. कला संचालनालयाने मंजूर केलेलं मातीचं प्रतिरूप 6 फुटांचं होतं, असं तेव्हाच्या कला संचालकांनी जाहीरपणे सांगितलं. आकार सहापट झाला की वाऱ्याला अडणारं क्षेत्रफळ छत्तीसपट होतं आणि वजन त्याहून जास्त वाढतं. आतला सांगाडा त्यासाठी नव्याने मोजावा लागतो, आणि समुद्रकाठी साध्या लोखंडाला खारी हवा खाते. तुमच्या चौकात पुतळा येणार असेल तर तीन कागद मागा : अंतिम आकाराची मंजुरी, वाऱ्याच्या दाबासह सांगाड्याचं गणित, आणि आतून तपासणी करायला झडप कुठे आहे त्याचं रेखाचित्र.

प्रश्न : सरकारचा पैसा आला की सरकारची आवडही येते. मग तो नकोच, असं का म्हणू नये? (पणजी)

धोका खरा आहे. त्यावर ब्रिटनने काढलेला उपाय म्हणजे पैसे सरकारचे, वाटणारं मंडळ स्वतंत्र. 1940 मध्ये, ऐन युद्धात, तिथे संगीत-कलांना मदत देणारी समिती झाली, आणि अर्थतज्ज्ञ केन्स यांच्या पुढाकारातून 1946 मध्ये तिची आर्ट्स कौन्सिल झाली. आपल्या संगीत नाटक अकादमीची (1953) आणि साहित्य अकादमीची (1954) घडणही स्वायत्त संस्थेचीच आहे. स्वायत्तता कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती, हे नेमणुका कोण करतं यावर ठरतं.

आम्हाला जास्त भरवशाचं वाटतं ते मुंबईतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं उदाहरण. 1872 चं हे संग्रहालय महापालिकेचं. मोडकळीला आल्यावर 2003 मध्ये महापालिका, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि एक खासगी प्रतिष्ठान यांच्यात करार झाला, जीर्णोद्धाराला 2005 चा युनेस्को पुरस्कार मिळाला आणि 2008 मध्ये ते पुन्हा उघडलं. मालकी पालिकेची, कारभार विश्वस्तांचा.

गोव्यात उलट बाजूही दिसली. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी घडवलेल्या कला अकादमीच्या नूतनीकरणाचं काम निविदेविना, नामांकनाने दिलं गेलं, आणि जुलै 2023 मध्ये तिथल्या खुल्या रंगमंचाचा छताचा भाग कोसळला. तिथे आवडीनिवडीआधी निविदेचाच प्रश्न होता. तुमच्याकडे वाद घालायचा तर आधी कंत्राटाच्या कागदांवर घाला.

प्रश्न : माझे वडील तमाशात ढोलकी वाजवायचे. आता हात चालत नाहीत. मानधनासाठी काय करावं? (सातारा जिल्हा)

राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंत मानधन योजना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आहे. 2024 पासून सर्वांना सरसकट महिना 5,000 रुपये. त्याआधी अ, ब, क अशी प्रतवारी होती. वय 50 च्या वर आणि कलेतलं काम निदान 15 वर्षांचं, ही मुख्य अट. उत्पन्नाचीही मर्यादा आहे.

अर्ज बहुधा अडतो तो पुराव्यावर. ढोलकीवाल्याचं नाव जाहिरातीत सहसा नसतं. म्हणून फडमालकाचं लेखी प्रमाणपत्र (वर्षं लिहून), यात्रा समितीच्या पावत्या, जुने फोटो आणि स्पर्धेची प्रशस्तिपत्रकं गोळा करा. फोटोच्या मागे गाव आणि साल लिहून ठेवा. आधार आणि बँक खात्यावरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का, ते आधी बघा. नुसत्या "राव" किंवा "बाई" एवढ्या फरकावरही अर्ज परत येतो. हयातीचा दाखला मुदतीत द्या, नाहीतर मंजूर झालेलं मानधनही थांबतं. अर्ज दिल्यावर पोच घ्या आणि तिच्यावर तारखेचा शिक्का आहे का ते तिथेच बघून घ्या.